फी माफ, पण पैसे कधी? कमी उत्पन्नाच्या घरातून कॉलेजला जाताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या शिष्यवृत्ती खिडकीवर बसणाऱ्याला दर जून-जुलैमध्ये तेच प्रश्न नव्या तोंडून ऐकू येतात. महाराष्ट्रात योजना कमी नाहीत. घोळ होतो तो तारखांचा. फी आज भरायची असते, शिष्यवृत्ती मार्चमध्ये येते, कधी त्याच्याही पुढच्या वर्षी, आणि मधले महिने कसे काढायचे हे कोणत्याच जीआरमध्ये, म्हणजे शासन निर्णयात, लिहिलेले नसते. म्हणून खालच्या उत्तरांत ‘किती मिळते’ याइतकेच ‘कधी मिळते आणि कोणाच्या खात्यात’ यालाही महत्त्व दिले आहे.

घरचं उत्पन्न दोन लाखांच्या आत आहे. इंजिनीअरिंग, फार्मसीचा विचारच सोडून द्यावा का?

नको. कॉलेजच्या वेबसाइटवरचा फीचा आकडा बघून घरी आई-वडिलांना घाबरवू नका. तो आकडा पूर्ण फी भरणाऱ्यासाठी असतो. तुम्हाला त्यातले किती भरावे लागतील हे तीन गोष्टींवर ठरते: तुमचा प्रवर्ग, घरचे वार्षिक उत्पन्न आणि तुम्ही प्रवेश कोणत्या मार्गाने घेतला. पहिल्या दोन तुमच्या हातात नाहीत. तिसरी आहे, आणि नेमकी तिथेच मुले फसतात.

मग नक्की कोणाला किती माफी?

राज्याच्या बहुतेक योजना महाडीबीटी या एकाच पोर्टलवर आहेत. ढोबळ चित्र असे.

अनुसूचित जाती आणि जमातीच्या विद्यार्थ्यांसाठी, उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर, भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती. यात फी भरली जाते आणि वर निर्वाह भत्ताही मिळतो. उत्पन्न अडीच लाखांच्या वर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ, पण भत्ता नाही. ‘आमचं उत्पन्न तीन लाख आहे, म्हणजे आम्ही बादच’ असे समजून अर्जच न करणारी मुले दर वर्षी भेटतात.

विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गाला, आठ लाखांच्या आत उत्पन्न असल्यास, व्यावसायिक अभ्यासक्रमाचे पूर्ण शिक्षण शुल्क मिळते. इतर मागास वर्गातल्या मुलांना निम्मे.

खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. खिडकीवर हिला सगळे अजूनही ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) असेच म्हणतात. उत्पन्नमर्यादा आठ लाख, मुलांना निम्मे शिक्षण आणि परीक्षा शुल्क. अटी तीन लक्षात ठेवा: कुटुंबातल्या दोनच अपत्यांना लाभ, शिकताना दोन वर्षांचा खंड नको, आणि आधीच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरी हवी. तिसऱ्या अटीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि दुसऱ्या वर्षी अर्ज अडकतो तो बहुधा तिथेच.

मुलींना सगळं फुकट झालंय ना?

सगळे नाही. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ पासून, आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे १०० टक्के शिक्षण आणि परीक्षा शुल्क मिळू लागले. आधी ते ५० टक्के होते. लाभ मोठाच आहे. एखाद्या घरात भावाच्या फीसाठी बहिणीला घराजवळच्या बीएला बसवले जायचे, तो हिशोब या निर्णयाने उलटा करता येतो, आणि पालकांशी बोलताना मी तो मुद्दाम मांडतो.

पण शब्द नीट वाचा: शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. विकास शुल्क, अनामत रक्कम, वसतिगृह, मेस, पुस्तके, लॅबचा ॲप्रन, ड्रॉइंगचे साहित्य यांतले काहीही त्यात नाही. ‘फुकट’ म्हणून आलेल्या पालकाच्या हातात पावती पडली की पहिला वाद इथे होतो. प्रवेशापूर्वी कॉलेजकडून फीची फोड लेखी मागून घ्या. खासगी विनाअनुदानित व्यावसायिक कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. मंजूर आकडा प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असतो. पावतीवरचा आकडा त्याच्याशी ताडून बघा.

एजंट म्हणतो, मॅनेजमेंट कोट्यातून सीट पक्की करतो, शिष्यवृत्तीपण लागेल. खरं का?

सीट पक्की होईल. शिष्यवृत्ती लागणार नाही. फी सवलतीच्या या योजना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून मिळालेल्या जागांसाठी आहेत. मॅनेजमेंट कोटा आणि संस्था स्तरावरचे प्रवेश त्यात बसत नाहीत. तसेच खासगी अभिमत विद्यापीठे आणि स्वयंअर्थसाहाय्यित विद्यापीठे मुलींच्या १०० टक्के योजनेतून आणि ईबीसीतून वगळलेली आहेत. मोठी जाहिरात, चकचकीत इमारत, नावात ‘युनिव्हर्सिटी’ दिसली की आधी हा एक प्रश्न विचारा: महाडीबीटीच्या यादीत तुमचं नाव आहे का, आणि माझ्या कोर्ससाठी कोणती योजना लागते? उत्तर गोलगोल आले तर उठा.

कॅपमध्ये पसंतीक्रम भरताना थोडी हिंमत लागते. शेवटच्या फेरीपर्यंत थांबायची भीती वाटते आणि त्या भीतीवरच एजंटांचे दुकान चालते. कमी उत्पन्नाच्या घरासाठी कॅपमधली दुसऱ्या पसंतीची शाखा ही मॅनेजमेंटमधल्या पहिल्या पसंतीपेक्षा चार वर्षांत काही लाखांनी स्वस्त पडते. मी तरी बाजू दुसऱ्या पसंतीचीच घेईन.

कोणते दाखले आधी काढून ठेवायचे?

निकालाची वाट बघू नका. बारावीची परीक्षा संपली की कामाला लागा. जूनमध्ये सेतू केंद्रावर, म्हणजे सरकारी दाखल्यांचे अर्ज घेतात तिथे, अख्खा तालुका उभा असतो.

उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा हवा आणि तो चालू आर्थिक वर्षाशी जुळणारा हवा. मागच्या वर्षीचा दाखला लावला म्हणून अर्ज परत येणे हे सर्वांत नेहमीचे कारण. दाखल्यावरचे नाव, आधारवरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव एकसारखे आहे का, हे आत्ताच तपासा. ‘सुनिता’ आणि ‘सुनीता’ एवढ्या फरकाने अर्ज अडकतो.

राखीव प्रवर्गातून प्रवेश घ्यायचा तर जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. ज्याला सगळे ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात ते हेच. याला महिने लागू शकतात. अकरावीत किंवा बारावीच्या सुरुवातीलाच कॉलेजमार्फत जिल्हा जात पडताळणी समितीकडे प्रस्ताव द्या. वडिलांकडे, आत्याकडे, चुलत भावंडांकडे व्हॅलिडिटी असेल तर त्याची प्रत जोडा, काम हलके होते. इतर मागास वर्ग आणि भटक्या-विमुक्तांना नॉन-क्रिमिलेअरही, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्रही, हवे. खुल्या प्रवर्गातल्या दुर्बल घटकाला ईडब्ल्यूएसचा दाखला.

बाकी डोमिसाइल, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला, कॅपचे अलॉटमेंट लेटर, बोनाफाइड. शिक्षणात खंड असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. सगळ्यांचे स्कॅन मोबाइलमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा आणि मूळ कागद कोणाकडेही ठेवू नका, अगदी कॉलेजकडेही. पडताळणी करून मूळ प्रमाणपत्रे परत द्यावीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाचे स्पष्ट निर्देश आहेत.

कॉलेज म्हणतं, आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. भरू का?

हा सगळ्यात अवघड प्रश्न.

नियमाने बघितले तर कॅपमधून आलेल्या पात्र विद्यार्थ्याकडून माफीचा भाग आधी वसूल करायचा नसतो. ईबीसीच्या मुलाकडून निम्मेच शिक्षण शुल्क घ्यायचे, पात्र मुलीकडून ते घ्यायचेच नाही. पण शासनाचे पैसे कॉलेजला उशिरा येतात आणि कॉलेज ती कसर तुमच्यावर काढू बघते. त्या वेळी प्रवेशाची अंतिम तारीख संध्याकाळी पाचला संपणार असते आणि बाप खिडकीसमोर उभा असतो. कायदा तुमच्या बाजूने असूनही घड्याळ नसते.

काय करायचे? तोंडी भांडू नका. प्राचार्यांच्या नावे एका पानाचा अर्ज लिहा: मी अमुक प्रवर्गातला, कॅपमधून प्रवेश, उत्पन्न इतके, अमुक योजनेस पात्र, म्हणून माफीची रक्कम सोडून उर्वरित फी भरून प्रवेश द्यावा. आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. हा शिक्का बसला की बहुतेक कॉलेजांचा सूर बदलतो. नाही बदलला तर तंत्रशिक्षण किंवा उच्च शिक्षण सहसंचालकांच्या विभागीय कार्यालयाला, आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याने समाजकल्याण सहायक आयुक्तांना, त्याच अर्जाची प्रत ईमेल करा.

तरीही जमले नाही आणि सीट जाणार असेल, तर सीट वाचवा. हप्ते मागा, हमीपत्र द्या, पूर्ण भरावीच लागली तर पावतीवर शिक्षण शुल्क वेगळे दाखवून घ्या म्हणजे परतावा मागता येईल. तारीख चुकली की काय होते याचे एक उदाहरण देशभर गाजले. २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाला आयआयटी धनबादची जागा मिळाली होती. १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी विशेष अधिकार वापरून त्याला प्रवेश द्यायला लावला. ते चांगलेच झाले. पण प्रत्येकाला दिल्लीपर्यंत जाता येत नाही, म्हणून सीट स्वीकारण्याची रक्कम ही एकच रोकड अशी आहे, जी निकालाआधी घरात बाजूला ठेवलेली असावी.

पैसे कोणाच्या खात्यात येतात?

योजनेप्रमाणे बदलते, आणि गोंधळ यातूनच होतो. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा आहे. हे दोन वाटे एकत्र येत नाहीत. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी विद्यार्थ्याने कॉलेजला भरायची असते. घरात अडचण असते, एक दिवस खात्यात मोठी रक्कम दिसते आणि ती उसनवारीत किंवा दवाखान्यात जाते. मग परीक्षेचा फॉर्म भरताना कॉलेज अडवते. ही रक्कम तुमची नाही, कॉलेजची आहे, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा.

दुसरी गोष्ट, खाते आधारशी ‘लिंक’ असणे आणि ‘सीड’ असणे यांत फरक आहे. पैसे आधार क्रमांकावर येतात आणि एनपीसीआय (बँकांमधले व्यवहार जोडणारी राष्ट्रीय संस्था) हिच्याकडे तो ज्या बँकेशी जोडलेला असेल तिथे जातात. हे जोडणे म्हणजेच सीडिंग. वडिलांनी लहानपणी उघडून दिलेले, वर्षानुवर्षे बंद पडलेले एखादे खाते असेल, तर रक्कम तिथे जाते किंवा परत फिरते. चालू खात्याच्या शाखेत जाऊन सीडिंगचा फॉर्म भरा आणि आधारच्या वेबसाइटवर बँकेचे नाव बदलले का ते पाहा.

फी सुटली. राहायचं, खायचं काय?

गावातून शहरात येणाऱ्या मुलासाठी हा खर्च बहुतेक वेळा फीपेक्षा जड असतो. आणि शिक्षण अर्धवट सुटण्याचे कारण, माझ्या बघण्यात, फी क्वचित असते. खोलीभाडे आणि मेसच जास्त वेळा.

पहिला पर्याय शासकीय वसतिगृह. समाजकल्याण, आदिवासी विकास आणि इतर मागास बहुजन कल्याण विभागांची वसतिगृहे आहेत. निवास आणि जेवण मोफत. जागा कमी, म्हणून यादी गुणांवर लागते.

तिथे नंबर लागला नाही तर अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१६-१७ पासून ती चालू आहे. मुंबई, पुणे, ठाणे, नवी मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांत शिकणाऱ्याला वर्षाला ६०,००० रुपये, इतर महापालिका क्षेत्रांत ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. याच धर्तीवर आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागास, भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना. खुल्या प्रवर्गात अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. मात्र स्वाधारचे पैसे महिन्याच्या महिन्याला येतील असे समजून खोली घेऊ नका. हप्ते उशिरा येतात. पहिल्या सत्राचे भाडे आणि मेसचे पैसे वेगळे धरूनच निघा.

सरकारबाहेरही जागा आहेत. पुण्यातली विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून ग्रामीण, गरीब मुलामुलींना अत्यल्प खर्चात राहण्याची सोय देते. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले आणि नंतर एकेका समाजासाठी बोर्डिंगे उभी केली. त्यातून आलेली समाजाची वसतिगृहे आजही अनेक जिल्ह्यांत आहेत. इंटरनेटवर त्यांची माहिती फारशी सापडत नाही. गावातल्या शिकलेल्या माणसाला, शाळेतल्या जुन्या सरांना विचारा.

रोज जाऊन-येऊन शिकता येत असेल तर एसटीच्या विद्यार्थी पासात दोनतृतीयांश सवलत आहे. खोली घेण्याआधी हा हिशोब जरूर करा.

शैक्षणिक कर्ज घ्यावं का?

माफी, भत्ता, वसतिगृह हे सगळे लावून जी फट उरते, तेवढ्यासाठीच. आणि आकडा समजून.

समजा, चार वर्षांत दर वर्षी एक लाख उचलले, व्याज १० टक्के. शिकत असताना आणि नंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, पण सरळव्याज चालू असते. पहिल्या लाखावर पाच वर्षे, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. मिळून १,४०,००० रुपये व्याज. म्हणजे परतफेड सुरू होते तेव्हा डोक्यावर ५,४०,००० असतात. दहा वर्षांत फेडायचे तर हप्ता महिना ७,१०० च्या आसपास, पंधरा वर्षांत ५,८००. त्या कोर्सनंतर पहिला पगार किती मिळतो, हे त्याच कॉलेजच्या दोन वर्षांपूर्वीच्या विद्यार्थ्याला विचारा. प्लेसमेंटच्या फलकावर विश्वास ठेवू नका. तिथे सर्वांत मोठे पॅकेज छापतात, मधले नाही.

मधले व्याज वाचवण्याची सोय आहे. घरचे उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कोर्स मान्यताप्राप्त संस्थेतला तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, तर केंद्राच्या योजनेत शिकण्याच्या काळाचे आणि पुढच्या वर्षाचे संपूर्ण व्याज सरकार भरते. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांतल्या विद्यार्थ्यांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज आहे, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलत. ही सवलत दुसरी सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला नाही. दोन्हींचा फायदा कागदावर मांडा आणि मग निवडा. बहुतेक वेळा शिष्यवृत्तीच जड ठरते.

बँक मॅनेजर म्हणतो, जमीन तारण ठेवा.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागायचे नसते. साडेसात लाखांपर्यंत केंद्राची पतहमी असल्याने तिथेही जमिनीची गरज पडू नये. आई किंवा वडील सहकर्जदार म्हणून लागतात, तेवढेच. विद्यालक्ष्मी पोर्टलवरून अर्ज करा म्हणजे नोंद राहते, आणि नकार आला तर कारण लेखी मागा. खासगी फायनान्स कंपनीकडे जाण्याआधी किमान दोन सरकारी बँका बघा. सावकाराकडे तर फीसाठी जाऊच नका.

साधं बीए, बीकॉम, बीएस्सी करायचं आहे. आमच्यासाठी काही?

अनुदानित कॉलेज निवडा. तिथली फी काही हजारांत असते. बारावीला आपल्या बोर्डात वरच्या २० टक्क्यांत असाल आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल, तर राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राची शिष्यवृत्ती आहे, पदवीला वर्षाला १२,०००. देशभरात दर वर्षी ८२,००० नव्या विद्यार्थ्यांना ती मिळते. आपल्याकडची मुले अर्जच करत नाहीत, कारण कॉलेजच्या फलकावर फक्त महाडीबीटीची सूचना लागते.

तंत्रशिक्षणात पहिल्या वर्षाला असलेल्या मुलींनी याच पोर्टलवर एआयसीटीईची (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) प्रगती शिष्यवृत्ती बघावी: वर्षाला ५०,०००, एका कुटुंबातल्या दोन मुलींपर्यंत. दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी ‘सक्षम’, रक्कम तीच.

काम करून शिकता येईल?

येते, आणि ही परंपरा आपल्याच मातीतली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘कमवा व शिका’ रुजवले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची योजना त्यांच्याच नावाने आहे. ग्रंथालय, बाग, कार्यालय अशी कॉलेजमधलीच तासांवरची कामे मिळतात. पैसे फार नसतात, मेसचा काही भाग निघतो. पण हजेरी बुडत नाही. रात्रपाळीच्या डिलिव्हरीत पैसे जास्त असले तरी हजेरी जाते, आणि हजेरीबरोबर शिष्यवृत्तीही.

पूर्णवेळ नोकरी करावीच लागत असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ किंवा इग्नू. त्यांची पदवी स्पर्धा परीक्षांना चालते.

नापास झालो तर पैसे परत द्यावे लागतात?

नाही. एटीकेटी लागून, म्हणजे काही विषय राहिलेले असतानाही, पुढच्या वर्गात गेलात तर नूतनीकरणाचा अर्ज करता येतो. वर्ष गेले तर त्याच वर्गासाठी पुन्हा शिष्यवृत्ती मिळत नाही, पुढच्या वर्गात गेल्यावर पुन्हा अर्ज करा. नूतनीकरण आपोआप होत नाही, दर वर्षी अर्ज भरावाच लागतो.

अर्ज भरला, आता महिनाभर ‘प्रलंबित’ दिसतोय.

कुणाकडे प्रलंबित आहे ते बघा. कॉलेजच्या लॉगिनला असेल तर शिष्यवृत्ती विभागात जा, खिडकीवर बसणाऱ्या आमच्यासारख्यांच्या मागे लागा. विभागाकडे असेल तर वाट बघा. ‘परत पाठवला’ असे दिसत असेल तर दुरुस्तीची मुदत चालू आहे, त्याच दिवशी दुरुस्त करा. मोबाइल क्रमांक बदलू नका, सगळे संदेश आणि ओटीपी त्यावरच येतात.

एक जण म्हणतो, दोन हजार द्या, शिष्यवृत्ती मंजूर करून आणतो.

महाडीबीटीवर अर्जाला शुल्क नाही. सायबर कॅफेवाल्याने स्कॅनिंगचे पन्नास-शंभर घेतले तर ती त्याची मजुरी. मंजुरीचे पैसे मागणाऱ्याला पासवर्ड, ओटीपी, बँकेचे पासबुक यांतले काहीही देऊ नका. अर्ज कॉलेजमध्ये बसून भरायचा असेल तर सकाळी लवकर या. दुपारनंतर सर्व्हर झोपतो.